वाघ भिंत सोडून गेला

१

बाजाराच्या दिवशी सकाळी रामनगरच्या भिंतीवरून वाघ नाहीसा झाला होता.

वाघ रंगातलाच. दत्तात्रयअण्णांच्या तांदळाच्या दुकानाची बाजूची भिंत पेठेकडे तोंड करून उभी आहे, तिच्यावर तो बसलेला असायचा. पुढचे पाय पसरून, मान वर करून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत. वैष्णवीनं तो काढला तेव्हा मी माझी शिलाई मशीन बंद ठेवून बघायला गेले होते. पट्टे ओढताना ती पोर श्वास रोखून धरायची.

आता तिथं गवत होतं. नुसतं हिरवं, कंबरभर वाढलेलं गवत, आणि मागं वैष्णवीचंच जुनं आकाश.

"भागी," सुमंगलाक्का म्हणाली, "मला साखर चढलीय का, का वाघ खरंच गेलाय?"

आम्हा दोघींना डॉक्टरनं साखरेपायी रोज चालायला सांगितलंय. सुमंगलाक्का उभा जन्म बसमध्ये कंडक्टर होती, चालायचा तिला भारी कंटाळा. पण वैष्णवी भिंती रंगवायला लागली आणि आमचे पाय आपोआप उचलायला लागले. कधी चक्कीच्या भिंतीवर धनेश पक्षी येऊन बसलेले दिसायचे, कधी दवाखान्याच्या कुंपणावरून काळी नावाची आमची नदी वाहायला लागलेली. देवळाच्या बोळात शिरावं तर बायका वाकून भात लावताहेत. ज्या गल्लीत वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नव्हतं तिथं आम्ही रंग बघायला जायचो आणि ओळखीची माणसं भेटून उशिरा परतायचो.

वैष्णवी आली ती पळतच. मागं तिचा बाप किरण, झेरॉक्सचं दुकान उघडंच टाकून. पोरीनं गवतावर हात फिरवला. बोटाला काही लागलं नाही, रंग वाळला होता.

"आज दुपारी शिक्षणखात्याची मंडळी यायचीत जिल्ह्याहून," ती म्हणाली. "हाच वाघ बघायला."

त्या मंडळींना वाघ पसंत पडला तर तालुक्यातल्या शाळांच्या भिंती वैष्णवीला मिळणार होत्या. नाही पडला तर बेळगावच्या साड्यांच्या दुकानात तिची नोकरी ठरलेली होती, किरणनं तसं तोंडावर सांगितलं होतं. बेळगाव काही लांब नाही. पण साडीच्या घड्या घालणारा हात परत ब्रश धरील का, हे कुणी सांगावं?

सुमंगलाक्कानं पदर खोचला. "दुपारपर्यंत वेळ हाय. वाघ काय बस पकडून जात न्हाई."

२

आदला दिवस दत्तात्रयअण्णांच्या भाच्याच्या लग्नाचा. खानापूरला लग्न, अण्णा मामा, त्यामुळं सगळी पेठ बंद करून माणसं वऱ्हाडात गेलेली. आम्हीही गेलो होतो. परतलो तेव्हा दिवे लागून गेले होते आणि भिंतीकडं बघायचं कुणाला भान नव्हतं.

"म्हणजे दिवसाढवळ्या काम झालंय," अक्का म्हणाली. "रिकाम्या पेठेत."

अण्णा दुकानाच्या पायरीवर बसून कपाळ चोळत होते. "माझी भिंत, माझा वाघ. मंडळींना मी काय दाखवू? गवत?"

"तुमचा वाघ कधीपासनं?" अक्का म्हणाली. "परवा तर म्हणत होतात, वाघापेक्षा माझा फोटो काढला असता तर गिऱ्हाईक वाढलं असतं."

"ते गमतीनं म्हटलेलं, सुमंगलाक्का."

"गंमत करताना माणूस एकदा म्हणतो. तुम्ही चहा पिताना म्हणालात, पान खाताना पण म्हणालात."

अण्णा लाजले. पण काल मामा म्हणून ते बोहल्यामागं दिवसभर उभे होते, जेवायलासुद्धा पंगतीत बसले नाहीत हे मीच बघितलं होतं.

पेठेतली बोटं मात्र दुसरीकडं वळली होती. शिवानंद पेंटर लग्नाला आला नव्हता. ही भिंत आधी त्याची होती. तिच्यावर तो सिमेंटची, खताची, निवडणुकीची अक्षरं रंगवायचा. वाघ आला आणि त्याची अक्षरं गेली.

शिवानंद बसस्टँडमागं डबे धूत बसला होता. नखांत हिरवा रंग.

"काल कुठं होतास रे?"

"घरात. अंग दुखत हुतं."

"आणि हे हिरवं?"

त्यानं हात पाठीमागं नेले. "रंगाचं काम करतो मी, अक्का. नखात काय दूध असणार?"

"वाघ गेला, ठाऊक हाय न्हवं?"

"ऐकलं." तो डबा घासत राहिला. डबा केव्हाच स्वच्छ झाला होता.

परतताना मी म्हटलं, "ह्यानंच केलंय. नखं बघितलीस ना? वैष्णवीला सांगू या."

अक्का थांबली. "राग धरून केलं असतं तर काळा रंग फासला असता. नाहीतर आपली सिमेंटची पोती परत आणली असती. भागी, ते गवत नीट बघितलंस का? पात्याला पातं लागू दिलेलं नाही. रागानं कुणी एवढं सुंदर गवत काढतं?"

३

भिंतीखाली बायजा कंद घेऊन बसते. रानातल्या बाजारकुणंग गावाकडची, पहिल्या बसनं येते. मुडली, कोनफळं, रानातली आणखी कसकसली मुळं, मातीसकट. आमच्या साखरेला चालतात म्हणून आम्ही तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. अलीकडं एकच पंचाईत असायची. म्हातारी गिऱ्हाइकाकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसायची. तिच्या खांद्यावर टकटक करून भाव विचारावा लागे. पेठ हसायची, मीही हसायचे.

आज ती पेठेकडं तोंड करून बसली होती. पाय सैल सोडून, पान लावत.

"या गं बायांनो. कंद ताजं हाईत."

"बायजाआत्ती, वर बघितलंस का? वाघ गेला," मी म्हटलं.

"व्हय. सकाळपासनं ह्येच चाललंय सगळ्यांचं." तिनं वर बघितलं नाही. "तो थोरला गेला तर गेला. रानातला जीव, बाजारात करमतंय व्हय त्येला?"

"तू काल आली होतीस का रामनगरला?"

"काल बाजार हुता का?" म्हातारीनं उलटा सवाल टाकला आणि गुणगुणायला लागली. मला जात्यावरच्या ओव्यांचा नाद, माझे कान तिकडंच गेले.

*रानाच्या राजाला गं, कोनी धाडिला सांगावा,*
*बाजाराच्या पेठंत गं, त्येचा जीव कसा रमावा.*

"ही कुठली गं? मी नाही ऐकली."

"आमच्याकडली."

अक्का टोपलीत हात घालून कंद चाचपत होती. तळाशी पळसाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हाताला लागलं. कापलेलं कोनफळ, वशिंडाएवढं मोठं. पानाच्या कडेला जांभळा रस आणि तांबडी माती.

"हे दे."

"त्ये विकायचं न्हाई." म्हातारीनं पान ओढून घेतलं, मांडीखाली सारलं. "किडकं निघालं."

आम्ही दुसरे कंद घेतले. चार पावलं चालल्यावर अक्का हळूच म्हणाली, "बसमध्ये ज्यानं तिकीट काढलेलं नसतं तो काय करतो ठाऊक हाय? माझ्याकडं सोडून सगळीकडं बघतो. आज पेठेत जो येतोय तो आधी त्या रिकाम्या जागेकडं बघतोय. लहान मोठा, कुत्रंसुद्धा. एकटी बायजा बघत नाही."

"म्हातारीचं काय, तिला ब्रश तरी धरता येतो का?"

"तेच तर." अक्का वाकून गटाराच्या कडेला बघायला लागली. "भागी, इकडं ये. ह्यो काय कुत्र्याचा पाय न्हवं."

४

भिंतीच्या अगदी पायथ्याशी, जिथं गवत संपत होतं, तिथं तांबड्या मातीचा एक ठसा होता. थाळीएवढा. चार बोटं, एक गादी, नखं नाहीत. कडेला किंचित जांभळट झाक.

थोड्या अंतरावर दुसरा. मग तिसरा, पुढच्या भिंतीवर. प्रत्येकाच्या एकाच बोटाला एकसारखी कपची उडालेली.

मी वैष्णवीला हाक मारली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. ठसा बघून ती खाली वाकली, मग पुढचा शोधायला लागली, मग आमच्याही पुढं गेली.

ठसे चक्कीकडं वळले. धनेश बसलेल्या भिंतीखालून गेले, आणि वरचा एक धनेश आता मान वाकडी करून खाली बघत होता. त्याची मान आधी सरळ होती, वैष्णवीनं शपथ घेतली.

"माझ्या पक्ष्याला हात लावलाय," ती म्हणाली. पण ती रागावून म्हणाली की नवलानं, हे तिचं तिलाही कळलं नसावं.

देवळाच्या बोळात भात लावणाऱ्या बायका. वाघानं रोपात पाय टाकला नव्हता. चित्रातल्या शेताचा बांध जसा वळत होता तसे ठसेही बांधावरून वळत गेले होते.

"बघ," अक्का म्हणाली. "रोपं वाचवून चालणारा वाघ. ह्या वाघाचा मालक शेतकरी हाय."

दवाखान्याच्या कुंपणाशी ठसे काळी नदीच्या काठावर येऊन संपले. आम्ही तिघी थांबलो. नदीच्या निळ्यात काही नाही. नदी ओलांडून पलीकडच्या खांबापाशी मात्र पुन्हा ठसा होता, आणि त्याच्या भोवती निळे थेंब शिंपडलेले.

वैष्णवी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. "पोहून गेला गं, मावशी."

आता आमच्या मागं माणसं लागली होती. चहावाला वासू गाळणी हातात घेऊनच आला होता. कुणी म्हणायचं इकडं, कुणी म्हणायचं तिकडं. ज्या बोळातून नुसती पाण्याची घागर जायची त्या बोळातून आज अर्धी पेठ चालली होती.

शेवटचे ठसे गावाच्या शिवेवर गेले. तिथं पाण्याच्या पंपाची जुनी खोली आहे, तिच्या पुढं घरं नाहीत, फक्त झाडं. खोलीची मागची भिंत रानाकडं तोंड करून उभी आहे. तिकडं कुणी जात नाही.

वैष्णवी कोपऱ्यावरून वळली आणि जागीच उभी राहिली.

५

वाघ तिथं होता.

बसलेला नाही, चालत निघालेला. तोंड रानाकडं, शेपूट गावाकडं, आणि एकदा मागं वळून बघताना टिपलेली मान. वैष्णवीच्या वाघाइतका तो घोटीव नव्हता. पोट जरा जाड, मागचा एक पाय आखूड. पण डोळ्यांत असं काही होतं की आम्ही सगळे कुजबुजून बोलायला लागलो. पायाशी पळसाच्या पानावर दहीभात ठेवलेला, मुंग्या लागलेला.

"त्याला मिशा नाहीत," वैष्णवी म्हणाली. मग तिचा आवाज फाटला. "कोण आहे तो? माझा वाघ पुसायचा अधिकार कुणी दिला? मी पंचायतीत तक्रार देणार."

"दे," अक्का म्हणाली. "पण नावं दोन लिहावी लागतील. एकटीचं काम नाही हे, आणि एकट्याचंही नाही."

ती दगडावर टेकली.

"ठसा ब्रशचा नाही, छापलेला आहे. सगळे सारखे, सगळ्यांच्या एकाच बोटाला कपची. कंद कापून, त्याच्यावर पंजा कोरून, मातीत बुडवून उठवलाय. कडेला जांभळं आहे, म्हणजे कंद कोनफळाचा. तसलं एक कोनफळ सकाळी एका टोपलीत होतं आणि ते विकायचं नव्हतं. ती बाई इतके दिवस गिऱ्हाइकाकडं पाठ करून बसायची. आपण हसलो. पण वाघाकडं कुणी पाठ करतं का? आज ती भिंतीला पाठ लावून बसलीय, म्हणजे मागं काही नाही हे तिला वर न बघताच ठाऊक होतं. आणि सगळी पेठ वाघ वाघ करतेय, ती म्हणाली थोरला. नाव घेतलं नाही."

"पण चित्र?" वासूनं विचारलं.

"चित्र तिला येत नाही. ते गवत आठव, वैष्णवी. प्रत्येक पात्याचं टोक जरा वर उचललेलं. तसलं टोक ह्या गावात कुणाच्या अक्षरांना असतं? इतकी वर्षं त्याच भिंतीवर वाचलंय आपण. शिवानंदची आई बाजारकुणंगची, म्हणजे बायजा नात्यातली. सांगितलेलं काम त्यानं केलं. का केलं, ते मात्र मला कळत नाही. तेवढं..."

"मिशा ऱ्हायल्या हुत्या," मागून कुणीतरी म्हणालं.

पायवाटेवर शिवानंद उभा होता, हातात बारीक ब्रश. त्याच्या मागं बायजा, हातात ताज्या दहीभाताचं पान. गर्दी बघून दोघं तसेच थबकले.

६

पळून जायची वेळ टळली होती. म्हातारी पुढं आली, पान वाघाच्या पायाशी ठेवलं, आधीचं उचललं, आणि मग वैष्णवीच्या समोर येऊन उभी राहिली.

"पोरी, तुझ्यावर राग न्हाई माझा. आमी वाघबारशीला ह्येला जेवू घालतो, वाजतगाजत शिवंवर नेऊन पोचिवतो. जा बाबा, तुझं रान तुला, आमचं गाव आमाला. ह्या वर्षीबी पोचिवला. आन् म्हैना झाला न्हाई तंवर तू त्येला परत बोलावलंस, भर बाजारात बसवलंस. जेवण न्हाई, मानपान न्हाई. मी आपली त्येच्या तोंडासमोर कंद इकायची आन् सांजच्याला घरी जायची. त्यो येनारच की माझ्या मागनं. आलाच की. आमची कालवड गेली त्याच आठवड्यात."

कुणी हसलं नाही.

"मला सांगायचं होतंस, आत्ती," वैष्णवी म्हणाली.

"काय सांगू? एवढा देखणा काढलेला. पुसून टाक म्हनाय जीभ वळंना. पुसायचा न्हवताच मला. पाठवणी करायची हुती. लेकीला का कुनी पुसून टाकतंय? वाटंला लावतंय." तिनं शिवानंदकडं बोट केलं. "ह्येला म्हटलं, त्येला चालत ने. गावातनं, सगळ्यांना भेटत. रोपं तुडवू नको म्हटलं."

"नदीपल्याडचं थेंब, त्ये माझं डोकं," शिवानंद पुटपुटला.

"आणि तू?" वैष्णवी त्याच्याकडं वळली. "भिंत गेली म्हणून?"

शिवानंदनं ब्रश दोन्ही हातांत धरला. "भिंतीचं काय न्हाई. जलमभर सिमेंट आन् खत रंगवलं मी. शौचालय वापरा म्हनून रंगवलं. मला कुनी कवा म्हनलंच न्हाई की शिवा, एक वाघ काढ. आत्ती म्हनली. मग मला दम निघाला न्हाई, पोरी. तुझं झाकताना वाईट वाटत हुतं, खरं सांगतो. म्हनून तर गवत एवढं बारकाईनं काढलं."

वैष्णवी त्या वाघाच्या अगदी जवळ गेली. दूरवर पेठेत मोटारीचा भोंगा वाजला. मंडळी आली होती. अण्णांचा आवाज लांबूनही ऐकू आला, ते गवताची ओळख करून देत असावेत.

"ब्रश दे, मामा," वैष्णवी म्हणाली.

त्यानं दिला. तिनं श्वास रोखला आणि एका ओढीत पहिली मिशी काढली. मग दुसरी. मग ब्रश परत त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्या गालाकडं मान हलवली. त्यानं उरलेल्या मिशा ओढल्या.

बायजा हळू आवाजात म्हणत होती, आणि आता मीही तिच्या मागून म्हणायला लागले.

*शिवंच्या दगडाशी गं, ठेवते मी दहीभात,*
*मागं वळून बघ राया, पन पुढं चाल रानात.*

सुमंगलाक्का केव्हाच पेठेकडं निघून गेली होती. नंतर वासूनं सांगितलं ते असं. मंडळी गवतासमोर उभी होती, मोटारीचं दार उघडंच. अक्का जाऊन म्हणाली, वाघ बघायला आलात ना, तो पुढं गेलाय, गाडीतनं दिसायचा नाही, उतरा, चालावं लागेल. आणि कंडक्टरकीच्या जुन्या आवाजात तिनं सगळ्यांना पुढं सरका, पुढं सरका करत बोळात घातलं. ज्यांना एक भिंत बघून परतायचं होतं ती माणसं चक्की, देऊळ, दवाखाना करत, ठसे शोधत, थेंबांपाशी थांबून हसत, घाम पुसत शिवेवर आली. त्यातल्या चष्मेवाल्या बाई वाघासमोर आल्यावर आपोआप दोन पावलं मागं सरल्या.

"हा कुणी काढला?" त्यांनी विचारलं.

"आम्ही," वैष्णवी म्हणाली.

शाळांच्या भिंतींचं काम त्या दोघांना मिळालं. किरणनं बेळगावला फोन करून सांगितलं की पोरगी येत नाही, आणि सांगताना तो एवढा ताठ उभा होता की जणू ब्रश त्याच्याच हातात आहे. पेठेतलं गवत तसंच राहू दिलंय. येणारी जाणारी माणसं त्या गवतात, वाघाच्या रिकाम्या जागी पाठ टेकून फोटो काढून घेतात. पहिला फोटो दत्तात्रयअण्णांचा. एकदाचे ते त्या भिंतीवर आले.

पुढच्या बाजाराला मी बायजाकडं गेले. ती पेठेकडं तोंड करून, गिऱ्हाइकांना हाका मारत बसली होती.

"आत्ती, त्या थोरल्याचं काय म्हणतेस?" मी मुद्दामच विचारलं.

"कुठला थोरला?" म्हातारी खुदकन हसली. "वाघ म्हन की गं. समोर बसलेल्याचं नाव घेत न्हाईत. आता त्यो त्येच्या घरात, मी माझ्या." आणि तिनं टोपलीतलं सगळ्यांत मोठं कोनफळ, न कापलेलं, माझ्या पिशवीत घातलं.